गोलघुमटाच्या दारावरचे साल

सहलींचे दिवस आले की सोलापूर, सांगली, लातूर भागातल्या शाळांच्या एस.टी. गाड्या विजापूरच्या रस्त्याला लागतात. मुले परत आली की वर्गात विचारावे, "काय पाहिलंत?" उत्तर ठरलेले असते. "बाई, गोलघुमट! सात वेळा आवाज येतो." आणखी? "तोफ." आणखी? मग मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. इतकी वर्षे शिकवते आहे, पण या उत्तरात एका शब्दाची भर पडलेली नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण मोठी माणसेही तिथे जातो, ओरडतो, कणीस खातो आणि परत येतो.

या हिवाळ्यात आम्ही घरचेच पाच जण गेलो होतो. मी, आमचे हे, सासूबाई (मुलांची दादी), सातवीतली लेक आणि पाचवीतला भाचा. दोन्ही मुले मराठी माध्यमात आहेत. उर्दू घरात बोलतात, तीही आपली दखनी. वाचायला मात्र येत नाही. मकतबात कायदा आणि नाजरा झालेले असल्याने अक्षरांची ओळख आहे, एवढेच. माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांत हेच चित्र आहे. तुमच्याही घरात असेल.

निघायच्या आदल्या आठवड्यात भाच्याने मला एक प्रश्न विचारला होता. चौथीत त्याने शिवाजी महाराजांचा इतिहास वाचला आहे आणि तो त्याला तोंडपाठ आहे. त्या पुस्तकात विजापूर येते ते अफजलखानाला पाठवणारे गाव म्हणून. तो म्हणाला, "मामी, विजापूर आपलं का त्यांचं?" यातले 'आपले' कोण आणि 'ते' कोण, हे त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या घरांत तयार असतात. एक वडीलधाऱ्यांचे. "अरे, आपली हुकूमत होती!" असे म्हणून ते सुस्कारा टाकतात. हुकूमत आदिलशहांची होती, आपल्या पणजोबांची नव्हती. आमचे पणजोबा सोलापुरात मागावर बसत. दुसरे उत्तर म्हणजे गप्प बसणे. मुलाने विषय काढला की आई-बाप इकडेतिकडे पाहतात. मला ही दोन्ही उत्तरे नको होती, म्हणून मी त्याला एक कोरी वही दिली आणि तिथे जाऊन जे दिसेल ते लिहायला सांगितले.

सोलापूरहून विजापूर सुमारे शंभर किलोमीटर. कर्नाटक सरकारने 2014 मध्ये शहराचे नाव विजयपुरा केले, पण आपल्याकडे बोलताना विजापूरच म्हणतात. आम्ही दरवाजे उघडायच्या वेळेलाच गोलघुमटावर पोहोचलो, कारण उशीर केला तर सहलींच्या गाड्या येतात आणि मग आत काहीच ऐकू येत नाही.

इमारत मुहम्मद आदिलशहाची. कारकीर्द 1627 ते 1656. आतली खोली चौरस आहे, एकेक बाजू सुमारे 135 फुटांची. मुलांना गुणाकार करायला लावला, 18,225 चौरस फूट आले. मध्ये एकही खांब नाही. वरच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे 124 फूट आणि बुडाशी त्याची जाडी दहा फूट. आता चौकोनी खोलीवर गोल झाकण बसवायचे कसे? हा प्रश्न मी वर्गातही विचारते. वहीत एक चौरस काढा. त्यावर तेवढाच दुसरा चौरस तिरका ठेवा. आठ टोकांची चांदणी तयार होते आणि तिच्या पोटात अष्टकोन मिळतो. गोलघुमटात आठ कमानी अशाच एकमेकींना छेदत वर जातात आणि त्यांच्या माथ्यावर गोल कडे बसते. घुमटाचे वजन भिंतींना बाहेर ढकलू पाहते, तर आत झुकलेल्या या कमानींचे वजन आत ओढते. दोन्ही जोर एकमेकांना धरून ठेवतात. लेकीने मान वर करून कमानी मोजल्या आणि ती म्हणाली, "अम्मी, ही तर रांगोळी आहे." बरोबरच होते तिचे.

कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून वर जाता येते. वर घुमटाच्या आतून अकरा फूट रुंदीची गोल गॅलरी फिरते. इथे लोक ओरडतात. खरे तर ही जागा कुजबुजण्याची आहे. एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन हळूच बोलले, तर समोरच्या भिंतीशी कान लावलेल्या माणसाला शब्दन् शब्द ऐकू येतो. आम्ही पहिलेच असल्याने लेकीला समोर पाठवले आणि भाच्याने भिंतीला सांगितले, "अस्सलामु अलैकुम." तिकडून जवाब आला. नंतर एका शाळेची मुले आली आणि शिट्ट्या, किंकाळ्या सुरू झाल्या. त्यांचे गुरुजीही त्यात होते. खाली कबरी आहेत, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. कबरस्तानात आपण आवाज चढवतो का?

दादी खालीच बसल्या होत्या. पायऱ्या त्यांना झेपत नाहीत. मधल्या चौथऱ्यावर शहा, त्याच्या दोन बेगमा, रंभा नावाची नर्तकी, मुलगी आणि नातू यांच्या खुणेच्या कबरी आहेत. खऱ्या कबरी खाली तळघरात. दादींनी सगळे पाहून घेतले, फातिहा पढली आणि म्हणाल्या, "एक कबर पो इत्ता बडा घुमट कायकू बांदे?" प्रश्न रास्त आहे. कबर साधी असावी, हे आपल्या दीनने सांगितलेले आहे. ज्या औरंगजेबाने 1686 मध्ये हे राज्य बुडवले, त्याची स्वतःची कबर खुलताबादला उघड्या आभाळाखाली मातीची आहे. शहाने केले ते चांगले केले असे मी मुलांना सांगितले नाही. गवंड्यांनी केले ते मात्र अचाट आहे, आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगता येतात.

आता त्या दाराबद्दल, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. दक्षिण दरवाज्याच्या वर दगडात तीन फार्सी वाक्ये कोरलेली आहेत. शेकडो माणसे त्यांच्याखालून आत जातात, पण वर कुणी पाहत नाही. तिन्ही वाक्यांत शहाच्या मृत्यूचे साल दडलेले आहे आणि ते अक्षरांच्या किमतीतून काढायचे असते. याला अबजद म्हणतात. आपल्या घरांत 786 सगळ्यांना ठाऊक असते. लिहावे की लिहू नये यावर वादही होतात, पण तो आकडा येतो कुठून, हे मुलांना क्वचितच कुणी सांगते. तो याच हिशेबातून येतो. अलिफचा एक, बेचे दोन, आणि असेच पुढे.

त्या तीनपैकी एक वाक्य असे आहे : 'आकिबत-ए-मुहम्मद महमूद शुद'. मुहम्मदचा शेवट प्रशंसनीय झाला, असा अर्थ. अक्षरे मी घरूनच वहीत लिहून नेली होती. मुलांना किमती सांगितल्या आणि बेरीज त्यांच्यावर सोडली. आकिबत : ऐन 70, अलिफ 1, काफ 100, बे 2, ते 400, मिळून 573. मुहम्मद : मीम 40, हे 8, मीम 40, दाल 4, मिळून 92. महमूद : मीम 40, हे 8, मीम 40, वाव 6, दाल 4, मिळून 98. शुद : शीन 300, दाल 4, मिळून 304. भाच्याने बोटावर हातचे धरत एकूण केली 1067. हिजरी 1067 सुरू झाले ते इसवी 1656 च्या ऑक्टोबरात, आणि शहा वारला त्याच वर्षी. पुस्तकातले साल आणि दारावरचे साल जुळल्याचे पाहून पोराचा चेहरा असा झाला की मी तो शिक्षिका म्हणून फार थोड्या वेळा पाहिला आहे. मराठी शाळेत शिकलेल्या गणिताने आणि मकतबातल्या कायद्याने त्याने साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा कातिबाचे कोडे सोडवले होते. त्यात उर्दू माध्यमाची गरज पडली नाही. तरीही सांगते, महिन्याभराच्या मेहनतीने मूल उर्दू वाचू लागते, अक्षरे तर त्याला येतच असतात. तेवढे घरी करा.

घुमटाच्या समोरच नगारखाना आहे. त्याच इमारतीत पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. घुमटापाशी पाय ठेवायला जागा नव्हती आणि इथे आमच्याखेरीज एक जोडपे आणि रखवालदार. आत एकाच छताखाली अरबी, फार्सी, कन्नड आणि संस्कृत शिलालेख मांडलेले आहेत. देवदेवतांच्या आणि जैन मूर्ती आहेत. हे गाव आदिलशाहीच्या फार आधीचे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात ते विजयपूर होते, नंतर देवगिरीच्या यादवांकडे आले. आतल्या किल्ल्यात 1320 ची करीमुद्दीनची मशीद आहे. तिला जुन्या मंदिराचे खांब लावलेले आहेत. हेही मुलांना दाखवावे, लपवू नये. इतिहासातले आपल्याला आवडेल तेवढेच सांगायचे ठरवले, तर समोरचाही तसेच करणार आणि मग तक्रार कुणी कुणाची करायची?

हस्तलिखिते, फर्माने, चिनी मातीची भांडी, गालिचे, तलवारी असा बाकीचा संग्रह आहे. मी जास्त वेळ थांबले ती कागदांपाशी. आदिलशाहीचा फार मोठा दप्तरी कारभार मराठीतून चाले. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (1534 ते 1558) फार्सी बाजूला सारून हिशेब देशी भाषेत ठेवायला लावले आणि ते काम इथल्या ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेले. गावोगावच्या महसुलाचे कागद मोडीत लिहिले जात, वर फार्सी शिक्का. अर्ज, फिर्याद, दाखला, महसूल, जमीन, हजर हे शब्द मराठीत आले ते अशा दफ्तरांतूनच. भाच्याला म्हटले, तुझ्या शाळेच्या दाखल्यातला 'दाखला' इथून आला आहे. शहाजीराजे याच दरबाराचे सरदार होते, हे त्याला पुस्तकातून माहीत होते. ते त्याने स्वतःहून वहीत लिहिले.

दुसरी गोष्ट दादींच्या बोलीची. दादींच्या 'कायकू'ला आमच्या नात्यातली उत्तरेकडची माणसे हसतात आणि काही उर्दूचे शिक्षकही तिला बिघडलेली उर्दू म्हणतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने (1580 ते 1627) स्वतःच्या गीतांचा ग्रंथ रचला, 'किताब-ए-नौरस', तो याच दखनीत. त्यात सरस्वतीचे स्तवन आहे आणि गुलबर्ग्याच्या बंदानवाज गेसूदराजांचेही. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. त्याच्या नातवाच्या, म्हणजे दुसऱ्या अलीच्या दरबारात नुसरतीने मोठमोठी काव्ये दखनीतच लिहिली. दिल्लीत उर्दू शायरीने बाळसे धरले ते त्यानंतर. दादींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "मेरेकू मालूमच था." त्यांना काय माहीत होते कोण जाणे, पण दिवसभर त्या जरा ताठ चालत होत्या.

दुपारी आसार महालापाशी गेलो. समोर मोठा हौद, आणि दर्शनी भागाला लाकडाचे चार प्रचंड खांब. 1646 च्या सुमाराची ही इमारत आधी न्यायालय होती, पुढे इथे नबी करीम सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचे केस मुबारक ठेवण्यात आले. आत बायकांना जाता येत नाही, म्हणून आम्ही तिघी बाहेर हौदापाशी बसलो. या नियमाबद्दल माझे मत वेगळे आहे, पण तो विषय आज नको. मला त्या इमारतीची आणखी एक गोष्ट आठवत होती. इथे आदिलशाही ग्रंथसंग्रहातली शेकडो अरबी-फार्सी हस्तलिखिते होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी ती लंडनला नेली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तिथे त्यांची सूची झाली आहे, जतनही नीट होते. संग्रहालयातल्या काचेमागे जे दिसते ते उरलेले. नेली म्हणून राग धरावा, की नेली म्हणून वाचली असे म्हणावे? आमच्या ह्यांचे आणि माझे यावर एकमत झाले नाही, आणि जेवणाची वेळ झाली. एका खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि एणगाई, म्हणजे भरली वांगी. तिथे मात्र एकमत होते.

जोहरला जामा मशिदीत. अली आदिलशहा पहिला याने ती 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर बांधायला घेतली. आजही तिथे पाच वेळा नमाज होते, त्यामुळे विजापुरातल्या सगळ्या वास्तूंत मला ही जिवंत वाटते. फरशीवर काळ्या रेघांनी मुसल्ले आखलेले आहेत, सुमारे 2,250. ते औरंगजेबाच्या वेळचे. मेहराब सोनेरी आणि रंगीत, नुसती पाहत राहावी अशी. तिच्यावर 1636 च्या कामाबरोबर एक नाव आहे : याकूत दाभोळी. स्वतःला तो शहाचा गुलाम आणि मशिदीचा खादिम म्हणवतो. दाभोळ म्हणजे आपल्या रत्नागिरीतले, वाशिष्ठीच्या मुखावरचे. तेव्हा ते आदिलशाहीचे मोठे बंदर होते आणि हाजींची जहाजे तिथून सुटत. कोकणातल्या वाचकांनी दाभोळची शाही मशीद पाहिली असेल, तिचा तोंडवळा विजापूरचाच आहे. नाव सुलतानाचे कोरलेले असणार हे आपण गृहीत धरतो. इथे एका गुलामाचे, तेही गावासकट. भाच्याच्या वहीत त्या पानावर फक्त एवढेच आहे : 'याकूत. गाव दाभोळ.'

तोफेबद्दल थोडक्यात. मलिक-ए-मैदान, लांबी चौदा फुटांवर, वजन सुमारे 55 टन, तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह. ती ओतली गेली 1549 मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर), ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. पुढे ती परांडा किल्ल्यात होती. तिथून 1632 मध्ये ती विजापूरला आणली आदिलशाहीचे कारभारी मुरार जगदेव यांनी. 1854 मध्ये इंग्रजांनी ती लिलावात काढली तेव्हा बोली आली 150 रुपयांची, मग विक्री रद्द झाली. मुलांना हे 150 रुपये फार आवडले.

पाण्याची व्यवस्था मात्र बहुतेक प्रवासी पाहतच नाहीत. एवढ्या कोरड्या मुलखात एवढे मोठे शहर जगले ते पाण्याच्या शहाणपणावर. तोरवीकडून जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी येई, पुढे 1651 मध्ये बेगम तलाव बांधून त्याचे पाणी मातीच्या नळांनी शहरात आणले. नळांतला दाब फार वाढू नये म्हणून वाटेत उंच मनोरे बांधले, त्यांना गंज म्हणतात. रस्त्याकडेला अजून काही उभे आहेत. चांद बावडी 1579 ची, अहमदनगरची लेक आणि इथली सून असलेल्या चांदबीबीच्या नावाची. ताज बावडी 1620 ची. दुष्काळी भागातल्या आपल्या मुलांनी तोफेपेक्षा हे गंज आधी पाहावेत, असे मला वाटते.

असरच्या सुमारास इब्राहिम रौजा. तटाबाहेर पश्चिमेला, एकाच चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद, मध्ये हौद. दुसऱ्या इब्राहिमने हे काम आपली बेगम ताज सुलताना हिच्यासाठी काढले आणि पुढे स्वतःही तिथेच दफन झाला. इथे प्रतिध्वनी नाही, त्यामुळे गर्दीही नाही. खिडक्यांना जाळ्या आहेत त्या नक्षीच्या नाहीत, अक्षरांच्या आहेत. अख्खा दगड अक्षरांच्या आकारात कोरून आरपार मोकळा केला आहे आणि उजेड अक्षरांमधून आत येतो. लेकीने बाहेरून एक शब्द ओळखला, 'अल्लाह'. मग दुसरी जाळी, मग तिसरी. तिला तिथून हलवायला अर्धा तास लागला. आतले छत सपाट दगडांचे, चाळीस फुटांची खोली, आणि ते कशावर टेकले आहे ते दिसतच नाही. सगळी करामत चुन्याची.

बांधणारा मलिक संदल. त्याचे नाव लेखात आहे, 1626 च्या सुमाराचे साल आहे आणि खर्चही दिला आहे : दीड लाख होन आणि वर नऊशे. भाच्याने विचारले, "वरचे नऊशे कशाला लिहिले? दीड लाख म्हटलं असतं तरी चाललं असतं." दादी म्हणाल्या, "हिसाब बोले तो पूरा लिखनाच पडता." लेकीचा प्रश्न वेगळा होता. दगड फोडणाऱ्याला त्यातले किती मिळाले? लेखात मजुरीचा आकडा नाही, एकूण रक्कम आहे. तिने दीड लाख नऊशे लिहून घेतले.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी : संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेव्हा जुम्मा विजापूरच्या जामा मशिदीत पढायचा बेत असेल, तर संग्रहालयासाठी आदला किंवा दुसरा दिवस धरा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिकीट नाही. गोलघुमट पहिला करा, इब्राहिम रौजा शेवटी, कारण तिरक्या उन्हात जाळ्या चांगल्या दिसतात. बारा कमान, म्हणजे दुसऱ्या अलीचा अर्धवट राहिलेला मकबरा, शहराच्या मध्यावरच आहे, तो जाता-येता होतो. वृद्ध माणसांसाठी रिक्षा दिवसभराची ठरवून घ्यावी. सहल नेणाऱ्या शिक्षक बांधवांनी अबजदचे कोष्टक फळ्यावर आधीच लिहून द्यावे आणि मुलांना दक्षिण दरवाज्याखाली दहा मिनिटे उभे करावे. परतीला रेल्वे धरली तर स्टेशन गोलघुमटाच्या जवळच आहे, आणि गाडी सुटल्यावरही घुमट बराच वेळ दिसत राहतो.